बिलावर ‘कॅल’ होत्या, तरी सर्व्हरने १२० दिवसांनी दार लावलं

२० जानेवारी २०२५, सोमवार, सकाळी ९.४० ला सांगलीहून सीए सरांचा फोन. एरवी ते आधी तब्येतपाणी विचारतात, त्या दिवशी थेट, ‘अहो सर्व्हर कुणालाच आत घेईना झालाय, टॅली कुणाचीच उघडेना, आज तारीख काय आहे माहिताय ना?’ माहीत होती. जीएसटीआर-३बी ची, म्हणजे जीएसटीच्या रिटर्नची, २० तारीख. डिसेंबरच्या रिटर्नला तेवढी मुदत २२ पर्यंत वाढवून मिळाली होती आणि तिमाहीवाल्यांना आपल्याकडे २४ पर्यंत, पण हळदीच्या व्यापाऱ्यांची निम्मी कामं शेवटच्या दिवशीच येतात त्यामुळे दोन दिवस म्हणजे काही फार नाही.

फोनवर स्क्रीनचा फोटो मागवला. मेसेजचा अर्थ एवढाच की लायसन्स देणारा रिमोट डेस्कटॉप लायसन्स सर्व्हर कुठेच सापडत नाहीये म्हणून कनेक्शन तोडलंय, ॲडमिनला भेटा. हा मेसेज बघितला की मी पहिला प्रश्न एकच विचारतो, सर्व्हर बसवला कधी? सर म्हणाले सप्टेंबरमध्ये, २१ ला, शनिवार होता. बोटावर मोजलं. सप्टेंबरचे ९, ऑक्टोबरचे ३१, नोव्हेंबरचे ३०, डिसेंबरचे ३१ आणि जानेवारीचे १९, झाले १२०. म्हणजे रविवारी मुदत संपली आणि सोमवारी सकाळी दार बंद. नंतर कळलं की घरून काम करणाऱ्या दोघींपैकी एकीला रविवारी संध्याकाळीच लागत नव्हतं, तिला वाटलं नेट गेलं, तिने मोबाइल हॉटस्पॉट लावून बघितलं आणि मग झोपली.

कोल्हापूरहून बाइकवर निघालो, जयसिंगपूरला चहा, अकराच्या आत ऑफिसात.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो नाहीतर पुढचं कळणार नाही. हे ऑफिस आधी एका साध्या विंडोज १० प्रो पीसीवर पॅच मारून पाच-सहा जणांना एकदम रिमोटने आत घ्यायचं. साध्या विंडोजवर एका वेळी एकच माणूस बसायची परवानगी असते, त्यामुळे हा प्रकार मुळातच बेकायदा आणि वर विंडोज अपडेट आलं की पॅच मोडायचा. गावोगावी असली ऑफिसं आहेत, कुणी मान्य करत नाही एवढंच. तर त्याला कंटाळून सरांनी बाहेरगावच्या एका व्हेंडरकडून नवा सर्व्हर घेतला, विंडोज सर्व्हर २०२२ स्टँडर्ड, १६ कोर, ६४ जीबी रॅम, सगळं व्यवस्थित. त्याने सेशन होस्टचा रोल (अनेकांना एकदम रिमोटने डेस्कटॉप देणारा) टाकला, १६ यूजर बनवले, टॅली टाकली, सगळ्यांच्या डेस्कटॉपवर आयकॉन दिला आणि पैसे घेऊन गेला. चार महिने मलई. मी तेव्हा चित्रात नव्हतो, माझ्याकडे फक्त प्रिंटर आणि वायफाय.

मी गेल्या गेल्या सरांनी बिल समोर ठेवलं. अगदी शांतपणे बोट ठेवून म्हणाले, ‘हे बघा, पाच यूजर कॅल. लिहिलंय. मग लायसन्स नाही असं कसं म्हणतो तो?’

आणि इथेच सगळं प्रकरण आहे. कॅल म्हणजे क्लायंट ॲक्सेस लायसन्स, पण एक कॅल नसते, दोन वेगवेगळ्या असतात. एक साधी विंडोज सर्व्हरची कॅल, ती सर्व्हरची कुठलीही सेवा वापरायला लागते, शेअर केलेला फोल्डर उघडायचा असला तरी. दुसरी आरडीएस (रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस) कॅल, सर्व्हरचा डेस्कटॉप आपल्या स्क्रीनवर आणून त्याच्यावर बसून काम करायचं असेल तर ती पहिलीच्या वर आणखी लागते. पहिली असली म्हणून दुसरी माफ होत नाही आणि दुसरी असली म्हणून पहिली पण माफ नाही. सर्व्हरबरोबर गठ्ठ्यात ज्या पाच आल्या होत्या त्या पहिल्या प्रकारच्या. बिलावर नुसतं ‘कॅल’ लिहिलं की ग्राहकाला काय कळणार, आणि खरं सांगायचं तर विकणाऱ्यालाही किती कळलं होतं देव जाणे.

गंमत अशी की पहिल्या प्रकारची कॅल विंडोज कधीच तपासत नाही. कागदावरचा हक्क आहे तो, ऑडिट आलं तरच प्रश्न. आरडीएस कॅल मात्र तपासली जाते, पण पहिले १२० दिवस नाही. रोल टाकल्यापासून १२० दिवसांचा ग्रेस पिरियड, त्यात सर्व्हर कितीही लोकांना निमूट आत घेतो. म्हणजे चूक ज्या दिवशी होते त्या दिवशी दिसत नाही, चार महिने मुरते, आणि तोवर बसवणारा माणूस, त्याचा फोन आणि वॉरंटीचं बोलणं सगळं थंड झालेलं असतं. सूचना येत नाही असं नाही, ॲडमिनने लॉगिन केलं की कोपऱ्यात फुगा येतो की इतक्या दिवसांत सेवा बंद पडेल. इथे बॅकअप बघायला एक आर्टिकलचा (सीएच्या हाताखाली शिकणारा) मुलगा ॲडमिनने जायचा. त्याला विचारलं तर म्हणाला, ‘हो येत होतं की काहीतरी, मी फुलीवर क्लिक करायचो.’ त्याला काय बोलणार, त्याला ऑडिट शिकायला ठेवलंय, सर्व्हर बघायला नाही.

बरं, आता सोमवारचं काय करायचं.

मी रन मध्ये एमएसटीएससी (रिमोट डेस्कटॉपचा प्रोग्रॅम) टाकून पुढे स्लॅश ॲडमिन लावून आत गेलो, कारण सर्व्हरच्या देखभालीसाठी दोन सेशन कॅलशिवाय चालतात. सरांनी ते मागून बघितलं. ‘अरेच्चा, मग सगळ्यांना असंच शिकवा की!’ सांगितलं, सर एका वेळी दोनच बसतात, शिवाय ते देखभालीपुरतं आहे टॅली मारायला नाही, आणि सगळ्यात मोठं म्हणजे आर्टिकलच्या हातात ॲडमिन पासवर्ड देणं म्हणजे तिजोरीची किल्ली दाराला अडकवून ठेवणं. मग दुसरा सल्ला सरांच्या भाच्याचा, व्हिडिओत बघितलेला, रजिस्ट्रीतली (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यातली) ग्रेस पिरियडची नोंद उडवली की परत १२० दिवस मिळतात. खोटं कशाला बोलू, ती नोंद मला माहीत आहे. पण ते लायसन्स नाही, ती चोरी आहे, आणि ज्याचा धंदाच दुसऱ्याच्या वह्या तपासून सही करायचा आहे त्याच्या सर्व्हरवर तर मी ते अजिबात करणार नाही. सरांनीच भाच्याला गप्प केलं, मला जास्त बोलावं लागलं नाही.

तोड साधी निघाली. टॅली त्यांची गोल्ड होती, म्हणजे लॅनवर अनेक जणांना चालते. मग सर्व्हरवरचा डेटा फोल्डर शेअर केला, ऑफिसच्या ११ पीसीवर टॅली टाकून प्रत्येकाला त्या फोल्डरचा पाथ दिला, लायसन्स लॅनवरून उचललं, दीड वाजेपर्यंत ऑफिसातले सगळे कामाला लागले. सही करायचं डीएससीचं टोकन पण असं लोकल पीसीला लावलं की कटकट करत नाही, तो एक फायदा. घरून काम करणाऱ्या दोघींना रिक्षाने बोलावून घेतलं. एक जण तान्हं बाळ घेऊन आली, ते बाळ दिवसभर ऑफिसबॉय मामांच्या मांडीवर. (फाइल शेअरला पण साधी कॅल लागतेच, आणि त्या पाचच होत्या, हे मी सरांना त्याच दिवशी लिहून दिलं. नंतर ‘तुम्ही बोलला नाहीत’ नको.)

संध्याकाळी सरांना म्हटलं की कोणत्या आणि किती कॅल घ्यायच्या ते मोजून सांगतो, दोन दिवस थांबा. पण माणूस पोळलेला होता, थांबला नाही. बुधवारी संध्याकाळी ओळखीच्या डीलरकडून १५ आरडीएस कॅल आल्या, पर यूजर (म्हणजे माणशी एक), आणि त्याच्याच पोराने येऊन लायसन्स सर्व्हरचा रोल टाकला, ॲक्टिव्हेट केला, २५ अक्षरी की टाकली, मोड पर यूजर केला. सगळे आत. मला फोटो आला, अंगठा वर.

(त्या डीलरने पहिलं कोटेशन २०१९ च्या कॅलचं दिलं होतं, थोडं स्वस्त म्हणून. ते नशिबाने सरांनी मला व्हॉट्सॲपवर पाठवलं आणि मी अडवलं. जुन्या व्हर्जनची कॅल नव्या सेशन होस्टला चालत नाही, उलटं चालतं, २०२२ ची कॅल २०१९ च्या होस्टला चालते. लायसन्स सर्व्हर पण होस्टच्या बरोबरीचा किंवा त्याहून नवा लागतो.)

गुरुवारी सकाळी सव्वादहाला परत फोन. आता नवीनच. सगळ्यांच्या स्क्रीनवर चौकट येते की लायसन्समध्ये अडचण आहे, ६० मिनिटांत सेशन तुटेल, आणि खरंच बरोबर तासाने फेकून देतो. परत कनेक्ट केलं की परत आत घेतो, परत तीच चौकट, परत तास. अकाउंटच्या काकू तर घड्याळ लावून बसल्या होत्या, पन्नास मिनिटं झाली की व्हाउचर सेव्ह, उठून पाणी पिणार, मग नवीन तास. शाळेच्या तासासारखं.

डीलरचा पोरगा म्हणत होता, ‘दादा मी कितीतरी ठिकाणी असंच बसवलंय, कधी नाही झालं.’ आणि तो खोटं बोलत नव्हता. २०१६ पर्यंतच्या सर्व्हरवर असं बसवलं तरी कुणी विचारत नव्हतं. झालं काय होतं, हे ऑफिस वर्कग्रुपवर, म्हणजे प्रत्येक मशीनचे यूजर त्या त्या मशीनपुरते, सगळ्यांचा कारभार एका जागी ठेवणारं डोमेन नाहीच. पर यूजर कॅल कुणाला दिली याची नोंद डोमेनच्या यादीत, म्हणजे ॲक्टिव्ह डिरेक्टरीमध्ये, त्या यूजरच्या खात्यावर होते, आता डिरेक्टरीच नाही तर नोंद करणार कुठे? २०१९ पासून विंडोज यावर अडून बसायला लागली, वर्कग्रुपमध्ये पर यूजर मोड दिसला की ६० मिनिटांची घंटा. पोराचा अनुभव खरा, फक्त जुन्या सर्व्हरवरचा.

वर्कग्रुपमध्ये रीतसर चालते ती पर डिव्हाइस. तिथे यूजर कोण याच्याशी देणंघेणं नाही, ज्या मशीनवरून जोडतोय त्या मशीनला कॅल चिकटते. पहिल्यांदा जोडलं की ९० दिवसांची तात्पुरती, त्याच मशीनवरून परत लॉगिन झालं की खरी, ती पण ५२ ते ८९ दिवसांच्या मुदतीची आणि वापर चालू असला तर संपायच्या आत आपोआप वाढणारी. मशीन भंगारात गेलं तर मुदत संपल्यावर कॅल परत गठ्ठ्यात येते, घाई असेल तर हाताने पण काढून घेता येते पण एका वेळी २० टक्क्यांपर्यंतच.

मग गुरुवारी दुपारी जे सोमवारीच करायला हवं होतं ते केलं, कागद घेतला आणि मोजलं. माणसं, सर, पार्टनर मॅडम, सहा स्टाफ, सहा आर्टिकल, घरून दोघी. १६. मशीन, ऑफिसचे ११ पीसी, सरांचा लॅपटॉप आणि घरचा पीसी आणि टॅबलेट, मॅडमचा लॅपटॉप, घरच्या दोघींचे दोन. इथपर्यंत १७, म्हटलं बरोबरीत आहे. मग स्टाफला विचारलं, सीझनमध्ये घरून रात्री कोण लागतं? चार हात वर. आर्टिकलना विचारलं, स्वतःच्या लॅपटॉपवरून? पाच हात, सहावा लाजत म्हणाला माझा बिघडलाय. म्हणजे २६. आणि आर्टिकल दरवर्षी बदलणार, नवीन मुलगा नवीन लॅपटॉप, गेलेल्याची कॅल त्याच्या लॅपटॉपला दोन-अडीच महिने चिकटून. दोन शिफ्टमध्ये एकाच पीसीवर माणसं बदलत असतील, कारखान्याच्या गेटवर किंवा हॉस्पिटलच्या काउंटरला, तिथे पर डिव्हाइस स्वस्त पडते. इथे उलटं, माणसं कमी, मशीन जास्त, पर यूजरच बरोबर होती. म्हणजे डीलरने माल बरोबर दिला होता, फक्त तो ज्या जमिनीवर उभा राहतो ती जमीनच ऑफिसात नव्हती. आणि एकदा वापरलेली लायसन्स-की डीलर परत घेणार नव्हता, तो प्रश्नच मिटला.

सरांपुढे दोन रस्ते ठेवले. एक, २६ पर डिव्हाइस नव्याने घ्या, हातातल्या १५ पाण्यात, पण दहा मिनिटांत चालू. दोन, डोमेन करा, एक सुट्टी जाईल, माझे पैसे जातील, पण १५ कॅल कामी येतील आणि यूजर-पासवर्डचा कारभार एका जागी येईल. सर म्हणाले डोमेनसाठी अजून एक सर्व्हर घ्यावा लागेल ना? नाही. स्टँडर्ड लायसन्समध्ये सगळे कोर मोजून घेतलेले असले की त्याच मशीनवर दोन व्हर्च्युअल सर्व्हर चालवायचा हक्क असतो, अट एवढीच की खालचा मूळ विंडोज फक्त हायपर-व्ही (व्हर्च्युअल सर्व्हर चालवणारा भाग) साठी वापरायचा, त्याच्यावर टॅली वगैरे काही नाही. हा हक्क त्यांनी सप्टेंबरमध्येच विकत घेतला होता, फक्त वापरला नव्हता. हे ऐकून सरांचा चेहरा त्या आठवड्यात पहिल्यांदा जरा खुलला, फुकटात काहीतरी मिळतंय म्हटल्यावर.

सेशन होस्टवरच डोमेन कंट्रोलर (डोमेन सांभाळणारा सर्व्हर) का नाही चढवला असं काहीजण विचारतील. चढतो. पण मग १६ माणसं रोज डोमेन कंट्रोलरवर लॉगिन करणार, सहा त्यात आर्टिकल. मला झोप आली नसती.

शनिवार २५ जानेवारी, संध्याकाळी सहाला ऑफिस रिकामं केलं. दुसऱ्या दिवशी २६, रविवार आणि झेंडावंदन, म्हणजे कुणी येणार नाही. आधी पूर्ण बॅकअप बाहेरच्या डिस्कवर, आणि नुसता घेतला नाही तर माझ्या लॅपटॉपवर त्यातली एक कंपनी टॅलीत उघडून ताळेबंद बघितला. मग डिस्क-टू-व्हीएचडी ने चालू सर्व्हरची अख्खी प्रतिमा काढली, याला सगळ्यात जास्त वेळ गेला, मधे मामांनी आणलेली भडंग आणि मिरची. रात्री साडेअकराला मूळ मशीन पुसून नवीन विंडोज, फक्त हायपर-व्ही. पुसायच्या आधी पाच मिनिटं नुसता बसलो होतो, ते एक बटण दाबायला दरवेळी पोटात गोळा येतोच. त्याच्यावर दोन व्हीएम (व्हर्च्युअल सर्व्हर), एक नवा कोरा डोमेन कंट्रोलर, दुसरा म्हणजे जुनाच सर्व्हर प्रतिमेतून उठवलेला. पहाटे तीनला तो जुना सर्व्हर व्हीएममध्ये बूट झाला, तोच वॉलपेपर, सांगलीचा गणपती.

लायसन्स सर्व्हर डोमेन कंट्रोलरवर नवीन टाकला आणि कॅल नव्या जागी हलवल्या. ह्याच्यासाठी लायसन्सिंग मॅनेजरमध्ये मॅनेज आरडीएस कॅल्स म्हणून विझार्ड आहे, का हलवताय ते कारण विचारतो, जुना सर्व्हर जिवंत आहे का विचारतो, मग मायक्रोसॉफ्टच्या क्लिअरिंगहाऊसशी बोलून पाठवतो. परत २५ अक्षरी की घालून मोकळं व्हायला जाऊ नका, ती आधीच वापरलेली असते. मग दोन गोष्टी ज्या लोक हमखास विसरतात. लायसन्स सर्व्हरचं कॉम्प्युटर अकाउंट डिरेक्टरीतल्या टर्मिनल सर्व्हर लायसन्स सर्व्हर्स या ग्रुपात हवं, नाहीतर नोंद लिहायचा हक्कच त्याला मिळत नाही (आरडीएसचं नाव २००८ आर२ च्या आधी टर्मिनल सर्व्हिसेस होतं, ग्रुपचं नाव तेच राहिलंय). आणि सेशन होस्टला ग्रुप पॉलिसीतून दोन्ही सांगावं लागतं, लायसन्स सर्व्हर कोणता आणि मोड कोणता. लायसन्स सर्व्हरवर कॅल भरलेल्या आहेत म्हणून होस्टला ते आपोआप कळत नाही. लायसन्स तपासणारा डायग्नोझर उघडला, लाल काही नाही. रविवारी दुपारी एक वाजता घरी जाऊन झोपलो.

सोमवारी सकाळी तासाची चौकट नाही, पण डोमेनवर गेल्यामुळे सगळ्यांची प्रोफाइल नवीन, त्यामुळे काकूंच्या डेस्कटॉपवरच्या ४० एक फाइल ‘गेल्या’. गेल्या नव्हत्या, जुन्या प्रोफाइलमध्ये होत्या, आणून दिल्या, पण आयकॉन त्यांच्या ओळीत लागले नाहीत म्हणून त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मला वाटतं ते त्यांना त्या तासाच्या घंटेपेक्षा जास्त लागलं.

आता एक मजा बघा. कॅल १५, माणसं १६. सोळावा माणूस अडला का? नाही. पर यूजरमध्ये लायसन्स सर्व्हर नोंद करतो, अडवत नाही, शंभर जण आले तरी घेईल आणि रिपोर्टमध्ये जास्तीचे दाखवेल. सर म्हणाले, ‘मग चालतंय की एकाचं.’ म्हटलं सर, तुमचा क्लायंट एक बिल कमी दाखवून असंच म्हणाला तर तुम्ही काय लिहाल? हसले आणि पाचचा अजून एक पॅक मागवला, २० झाल्या, आणि साध्या कॅल पाच होत्या त्या पण २० केल्या. आर्टिकल सोडून गेला की त्याची कॅल नव्याला देता येते, फक्त दिल्यापासून ९० दिवसांच्या आत फिरवायची नाही, ते त्यांच्या मॅडमनी एका वहीत लिहून ठेवलंय, कुणाला कधी दिली. वही, एक्सेल नाही. सीए लोक.

त्या सप्टेंबरवाल्या व्हेंडरला पण फोन लावला होता, राग म्हणून नाही, त्याने हे दुसरीकडे पण केलं असेल म्हणून. म्हणाला, ‘कॅल दिल्यात की साहेब, पाच, बिलावर बघा.’ पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. पण सरांनी नंतर सांगितलं की त्यानेच दिवाळीनंतर मिरजेत त्यांच्या एका मित्राकडे सर्व्हर बसवलाय, तिथे माल पाठवण्याची सगळी बिलं त्याच्यावरच निघतात. फेब्रुवारीत तिथे जाऊन पॉवरशेलमधून ग्रेस पिरियडचे शिल्लक दिवस विचारले. ३१. मालकाने ड्रॉवर उघडून बिल काढलं आणि अगदी तसंच बोट ठेवलं, ‘हे काय, पाच कॅल.’